विहिरीकडची पाणंद

गुरुवार, ९ जानेवारी २०२५
धनकवडी, पुणे

श्री. जयसिंगराव पायगुडे यांस,

आज सकाळी साडेअकराला पोस्टमन आला. रजिस्टर पाकीट होतं. त्यावर नाव 'मैना रंगराव शिळीमकर'. तो म्हणाला, "मॅडमना बोलवा, त्यांचीच सही लागेल." मी म्हणालो, त्या नाहीत. "मग कधी येतील? परत येतो." मी म्हणालो, मी त्यांचा नवरा, माझ्याकडे द्या. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पेन पुढे केलं. नंतर वरण-भात खाल्ला. दुपारी झोपलो नाही. चार वाजता खालच्या दुकानातून हे कागद आणि पाकिटं आणली.

पाकिटात रिंग रोडच्या भूसंपादनाची नोटीस आहे. मौजे वांजळवाडी, गट नंबर ४३. खातेदार म्हणून तुमचं आणि तुमच्या बहिणीचं नाव आहे. तुम्हालाही आली असेल. तुमचा नंबर मैनाच्या फोनमध्ये असणार, पण तो फोन मी अजून उघडलेला नाही. शिवाय मला फोनवर बोलता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

सप्टेंबरमध्ये वैकुंठ स्मशानभूमीत तुम्ही आला होतात. शेडच्या बाहेर झाडाखाली उभे होतात, टोपी हातात धरून. मी पाहिलं. तुम्ही निघून गेलात तेव्हा मी विधीत होतो. हे खरं आहे, पण विधीत नसतो तरी तुमच्यापर्यंत आलो असतो की नाही, सांगता येत नाही.

कामाचं लिहितो. नोटिशीला नकाशाची झेरॉक्स जोडली आहे. फिकट आहे, पण चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात आरेखक म्हणून नकाशेच काढले, त्यामुळे वाचता आली. रस्ता एकशे दहा मीटर रुंद आहे. तो तुमच्या घराला लागत नाही. घराच्या पश्चिमेला चाळीसेक मीटरवरून जातो. पण विहीर आणि सगळं बागायत रस्त्याच्या पलीकडे राहतं. घराकडून विहिरीकडे जाणारी पाणंद, जिच्यावरून पूर्वी तुमची बैलगाडी जायची आणि आता ट्रॅक्टर जात असेल, ती या नकाशात दाखवलेली नाही. वाट दाखवलेली नाही, म्हणून तिथे रस्त्याखालून भुयारी मार्गही धरलेला नाही. सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेला ओढ्यापाशी आहे. मी पट्टीने मोजलं. घरातून निघून त्या मार्गाने विहिरीपर्यंत पाच किलोमीटर दोनशे मीटर होतात. आज तीनशे मीटर आहेत.

हरकत घ्यायला एकवीस दिवस आहेत, म्हणजे ३० जानेवारीपर्यंत. जुन्या गाव नकाशात ती पाणंद असली पाहिजे. तो जोडून अर्ज दिला तर विचार होऊ शकतो. अर्जावर सर्व खातेदारांच्या सह्या लागतात. मैनाच्या जागी मी आणि आमची उत्कर्षा करू. तुमची हवी.

एवढंच कळवायचं होतं. कांताबाईंना नमस्कार.

आपला,
रंगराव शिळीमकर


शनिवार, १८ जानेवारी २०२५

जयसिंगराव यांस,

पत्राची पोहोच सोमवारी आली. कार्डावर तुमची सही आहे. तुमच्या वडिलांची सही अशीच होती, शेवटची रेघ कागदाबाहेर जाणारी.

काल तुम्ही उत्कर्षाला फोन केलात. ती हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये होती आणि बस वाकडच्या पुलावर पाऊण तास उभी होती. तुमचं बोलणं तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "तुझ्या बापाला म्हणावं, कागद कसले धाडतो? हिस्सा पाहिजे तर वकील धाड." सांगताना ती हसत होती. म्हणाली, "बाबा, मामाचा आवाज अजून तसाच आहे. फुल व्हॉल्यूम. अख्ख्या बसनं ऐकलं." अकरा वर्षांनी तिने मामाचा आवाज ऐकला होता. ती त्याच आनंदात होती, म्हणून मीही वाईट वाटून घेतलं नाही.

हिस्सा नको आहे. तो मुद्दाच नाही.

बुधवारी तलाठी कार्यालयात वारस नोंदीसाठी गेलो. तिथला माणूस म्हणाला, "मयताच्या नावाला कंस होईल, खाली तुमची दोघांची नावं लागतील." मी विचारलं, कंस म्हणजे? मला माहीत होतं, तरी विचारलं. तो म्हणाला, "कंस म्हणजे कंस, काका. नाव दिसतं, पण धरायचं नाही." मग माझ्या मागे बघून म्हणाला, "पुढचे." मी फॉर्म भरून दिला. मृत्यूच्या दाखल्याच्या बारा झेरॉक्स उत्कर्षाने करून ठेवल्या होत्या. आता सात उरल्या आहेत.

गुरुवारी अभिलेख कक्षात गेलो. गुरुवारी मैना मंडईत जायची. खाली बिल्डिंगपाशीच भाजीवाला आहे, ताजी भाजी असते, तरी हिला मंडईच लागायची. सकाळी साडेनऊच्या बसने जायची ती दुपारी दोनला यायची. त्यामुळे गुरुवार हा दिवस मला अजून नीट काढता येत नाही. म्हणून मुद्दाम काम ठेवलं.

काम झालं. वांजळवाडीच्या जुन्या गाव नकाशात पाणंद आहे. दोन तुटक रेघांनी, गट ४१ आणि ४३ च्या बांधावरून, थेट विहिरीपर्यंत. शिक्क्याची नक्कल मिळाली. तिच्यावरून मी नव्या रस्त्याच्या नकाशावर पाणंद उतरवून घेतली आहे आणि दोन्ही एकत्र दिसतील असा एक नकाशा काढला आहे. जेवणाच्या टेबलावर काढला. टेबल आता पूर्ण रिकामं मिळतं.

अर्ज, नकाशा आणि नक्कल सोबत पाठवत आहे. फुली केली आहे तिथे सही करून परत पाठवा. बारा दिवस आहेत.

आपला,
रंगराव शिळीमकर


बुधवार, २२ जानेवारी २०२५

जयसिंगराव,

अर्ज परत आला. सही नाही. मागच्या बाजूला तुम्ही लिहिलं आहे, "ज्याने मला माझ्या जागेत घर बांधू दिलं नाही त्याच्या हातचा नकाशा मला नको. रस्ता होऊ दे नाहीतर शेत तुटू दे."

तुम्ही लिहिलंत म्हणून मला उत्तर देता येतं. तोंडावर विचारलं असतंत तर गप्प बसलो असतो. मागे बसलो होतोच.

२०१३ च्या एप्रिलमध्ये तुम्ही हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आमच्याकडे आलात. विहिरीलगतच्या, तुम्हा दोघांच्या नावावरच्या आंब्याच्या पट्टीत घर बांधायचं होतं आणि बँक म्हणत होती, बहिणीने हिस्सा सोडल्याचा कागद आणा. मैना तयार होती. पेन तिच्या हातात होतं. मी आतून हाक मारली आणि स्वयंपाकघरात तिला सांगितलं, इतक्यात सही करू नकोस. तिने विचारलं, का? मी म्हणालो, कारण सांगता येणार नाही. ती बाहेर जाऊन तुम्हाला म्हणाली, "जयसिंग, जरा थांबू या." 'हे नको म्हणतात' असं म्हणाली नाही. तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. म्हणालात, "ताई, दाजींना जमीन पाहिजे तर तोंडानं मागायला सांग. मी दिली असती." मी ओट्यापाशी उभा होतो. बाहेर आलो नाही.

कारण असं होतं. त्या वर्षी आमच्या कार्यालयात रिंग रोडच्या पहिल्या आखणीचं काम चालू होतं आणि त्या भागातली रेघ मी ओढत होतो. त्या नकाशावर एका सेंटीमीटरला पाव किलोमीटर धरलेला होता. नुसत्या पेन्सिलीच्या रेघेची जाडी जमिनीवर बारा मीटर भरते. वांजळवाडीपाशी ती रेघ बरोबर तुमच्या आंब्याच्या पट्टीतून जात होती. मी दोनदा ताडून पाहिलं. तुम्ही तिथे घर बांधलं असतं तर ते पडणार होतं.

पण नकाशा प्रसिद्ध झाला नव्हता. टेबलावरचं टेबलावरच ठेवायचं, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं होतं आणि मी पाळत आलो होतो. नातेवाइकांना आधी सांगून जमिनींचे व्यवहार करणारी माणसं मी पाहिली होती. मला त्यांच्यातला व्हायचं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही, मैनालाही नाही. फक्त सही होऊ दिली नाही. कार्यालयाशी प्रामाणिक राहिलो आणि तुमचं घरही वाचवलं, असं तेव्हा वाटलं. त्याचं मला थोडं समाधानही होतं, हे लिहिलं पाहिजे.

मी निवृत्त झाल्यावर, २०१८ साली, पेपरात नवी आखणी छापून आली. रेघ हलली होती. आंब्याची पट्टी पूर्ण मोकळी झाली होती. तोपर्यंत तुम्ही खालच्या बाजूला, तुमच्या एकट्याच्या नावावरच्या तुकड्यात घर बांधलं होतं, आणि नवी रेघ त्या घराच्या आणि विहिरीच्या मधून जात होती. आंब्याच्या पट्टीत घर झालं असतं तर विहीर तुमच्या अंगणात राहिली असती. हे मला सात वर्षं माहीत आहे. तो पेपर मी घडी करून कपाटात ठेवला.

तेव्हा गुप्त असं काही राहिलं नव्हतं. मी तुमच्याकडे यायला हवं होतं. सुरुवात कशी करायची ते सापडलं नाही. भाऊबिजेला मैना ताट तयार ठेवायची. संध्याकाळी सात वाजले की निरांजन शांत करून सुपारी परत डब्यात टाकायची. एकदाही माझ्याकडे पाहून काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी सगळं सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

माझ्या हातचा नकाशा नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. गाव नकाशाची नक्कल सरकारी आहे, ती माझ्या हातची नाही. ती वापरा. अर्जाची दुसरी प्रतही सोबत ठेवली आहे. पण ३० तारखेच्या आत अर्ज द्या. माझ्यावरच्या रागाने विहीर तोडू नका. राग धरायला नंतरही वेळ आहे.

रंगराव


गुरुवार, ३० जानेवारी २०२५

जयसिंगराव,

आज दुपारी साडेबाराला दाराची बेल वाजली. दारात कांताबाई. हातात पिशवी, डोक्यावर पदर. मी नुसता उभा राहिलो, तर म्हणाल्या, "दाजी, दार तरी नीट उघडा. का तिथनंच बोलायचं?"

आत येऊन त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्ज काढला. "ह्यो घ्या. सही हाय."

मी विचारलं, "जयसिंगरावांनी केली?"

"मग काय मी केली व्हय? अर्ज वाचला न्हाई त्यांनी. तुमची चिठ्ठी मातुर तीनदा वाचली. मग गोठ्यात जाऊन बसले. गाईला बी कळंना ह्यो मानूस आज हितं का बसलाय. चार दिस बोलले न्हाईत. काल सांजच्याला आले आन म्हनले, पेन कुठाय."

मी पाणी आणलं. चहा ठेवतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमी नका ठेवू, मी ठेवते. वन्सं सांगायच्या तुमच्या हातचा चहा कसा असतो ते."

मी विचारलं, केव्हा सांगायच्या?

यापुढचं लिहू की नको, असं मी त्यांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लिवा की. मी सांगितलं तर दोन दिस जेवायचे न्हाईत. तुमच्या अक्षरात वाचलं म्हंजे सोसंल." म्हणून लिहितो. अकरा वर्षं दर गुरुवारी मैना मंडईत कांताबाईंना भेटत होती. कांताबाई माल घेऊन यायच्या, मैना बसने जायची. शेजारी पोत्यावर बसून ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची. "गिऱ्हाईक आलं की माज्या आधी त्याच बोलायच्या," कांताबाई म्हणाल्या. "लई कडक. एका बाईला म्हनल्या, घ्यायची तर घ्या, कोथिंबीर काय तुमच्या परीक्षेला बसलेली न्हाई." बोलताना त्या हसल्या आणि मग पदर तोंडाला लावला.

मी हे ऐकून घेतलं. मैना घरी अशी बोलत नसे. किंवा बोलत असेल, मी लक्ष दिलं नसेल.

मग त्यांनी दुसरं सांगितलं. २०१३ सालीच मैना त्यांना म्हणाली होती, "कांता, ह्यांनी त्या जागेबद्दल कागदावर काहीतरी बघितलंय. त्यांच्या तोंडातून ते निघणार नाही. पण जयसिंगला आंब्याच्या पट्टीत बांधू देऊ नकोस." आणि कांताबाईंनी तुमच्याशी भांडून घर खाली बांधायला लावलं. तिथे वारं लागतं, तिथे साप निघतात, जे सुचेल ते सांगून.

त्या म्हणाल्या, "तवा विहीर तुटली तर निम्मं पाप माजं हाय, दाजी. समदं तुमीच डोक्यावर घेऊ नका. तुमचं डोकं तेवढं मोठं न्हाई."

चहा पिऊन त्या निघाल्या. त्या गेल्यावर बराच वेळ दार लावायचं माझ्या लक्षात आलं नाही. शेजारच्यांनी येऊन विचारलं, काका, कुणी यायचंय का?

उत्कर्षाने अर्धी रजा घेतली. तिच्या स्कूटरवर मागे बसून भूसंपादन कार्यालयात गेलो. रस्त्यात ती म्हणाली, "बाबा, नकाशाची गुंडाळी माझ्या हेल्मेटला लागतेय, हलू नका." पावणेपाचला अर्ज दिला. आवक शिक्का मिळाला. त्याची प्रत सोबत आहे. जपून ठेवा.

मैनाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, याचा मी आज दिवसभर विचार केला. ती माझ्यावर रागावलेली नव्हती एवढं मात्र कळलं. ते कळायला तुमच्या सहीची वाट बघावी लागली.

रंगराव


शुक्रवार, १४ फेब्रुवारी २०२५

जयसिंगराव,

स्थळ पाहणीचं पत्र आलं. मंगळवार, ११ मार्च, सकाळी दहा. खातेदारांनी जागेवर हजर राहायचं आहे. मी आणि उत्कर्षा येऊ. तुमची हरकत असेल तर मी पाणंदीच्या अलीकडेच, गावच्या रस्त्यावर थांबेन आणि नकाशा उत्कर्षाजवळ देईन. ती समजावून सांगू शकते. मी तिला शिकवत आहे. तिला पट्टी धरता येत नाही, पण ती फोनवर माझ्यापेक्षा लवकर अंतर काढते.

तुम्ही तिला फोनवर विचारलंत, दाजी नीट जेवतात का. पोळ्या जमत नाहीत. बाकी जमतं.

रंगराव


बुधवार, १२ मार्च २०२५

जयसिंगराव,

काल तुम्ही तिथे होतात, त्यामुळे काय झालं ते तुम्हाला लिहिण्यात अर्थ नाही. तरी लिहितो. मला झालेलं पक्कं करायला कागद लागतो.

आम्ही पावणेदहाला पोहोचलो. मी ठरल्याप्रमाणे गावच्या रस्त्यावर थांबलो. तुम्ही बांधावरून येताना दिसलात. केस पूर्ण पांढरे झाले आहेत, हे वैकुंठात दिसलं नव्हतं. तुम्ही आधी उत्कर्षाकडे गेलात आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलात. मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तिकडं उन्हात कशाला थांबलाय? पाहणी हिकडं हाय."

मी आलो.

पाहणीला आलेल्या इंजिनिअर बाई तरुण होत्या. अक्षता मॅडम. सोबत मोजणीचं यंत्र घेतलेले दोघे. त्यांनी आधी स्पष्टच सांगितलं, "आमच्या नकाशात इथे वाट नाहीये. वापरातली वाट आणि अभिलेखातली वाट यात फरक असतो, काका." मी गाव नकाशाची नक्कल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. उत्तर कुठे आहे ते त्यावर पुसट झालेलं आहे. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, आणि माझ्या तोंडून काही निघेना. कागद दाखवला की माझं काम संपतं, अशी चौतीस वर्षांची सवय.

तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "दाजी, ह्या खेपेला तरी रेघ कुठनं जाती ते तोंडानं सांगा."

यंत्रवाला हसला. कांताबाई हसल्या. उत्कर्षा माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती.

मी सांगितलं. विहिरीपाशी उभं राहून हात करून सांगितलं, ही उत्तर, हा ४१ चा हद्दीचा दगड, हा ४३ चा, मधली ही पाणंद, साडेतीन मीटर, आणि रस्ता तिथून तिथपर्यंत. मोठ्याने सांगितलं. मध्ये पाटाला पाणी सुटलेलं होतं, त्यातूनच चालत गेलो आणि दोन्ही दगड पायाने मोकळे करून दाखवले. अक्षता मॅडमनी यंत्र लावून घेतलं. दगड बरोबर निघाले. मग त्या म्हणाल्या, "मंजुरी वरून होईल, ते माझ्या हातात नाही. पण इथे भुयारी मार्ग हवा, अशी शिफारस मी लिहिते. ट्रॅक्टर जाईल एवढी उंची धरते." तुम्ही विचारलंत, "वरात जाईल का बँडसकट?" त्या म्हणाल्या, "बँड वाजवणारा उंच नसेल तर जाईल." पंचनाम्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याखाली तुमची आहे.

माझ्या अनुभवाप्रमाणे अशी शिफारस, नकाशा आणि पंचनामा एकत्र असला तर सहसा टिकते. मी दर पंधरवड्याला जाऊन पाठपुरावा करेन. शंभर टक्के सांगत नाही. पण आशा ठेवायला हरकत नाही, आणि मी हे वाक्य कुणाला सहज लिहून देत नाही.

हक्कसोडपत्र मी तयार करून नेलं होतं. मी आणि उत्कर्षाने सह्या केल्या होत्या. तुम्ही ते वाचलंत, चार घड्या केल्यात आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवलंत. म्हणालात, "पोरीचं नाव राहू द्या. तिला हिकडं यायला कारण पाहिजे का नको?" मी म्हणालो, कारण नसतं तरी ती आली असती. तुम्ही म्हणालात, "ती आली असती. तुमचं सांगता येत न्हाई."

खरं आहे ते.

काल मी जे बोलायला हवं होतं ते विहिरीपाशी बोललो नाही. तुम्ही बहिणीबद्दल विचारलंत, शेवटी फार त्रास झाला का, आणि मी नाही म्हणालो. थोडा झाला. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी तिने तुमचं नाव घेतलं होतं. "जयसिंग आला का?" असं विचारलं. मी म्हणालो, येतोय. तुम्हाला कळवलेलं नव्हतं. मी खोटं बोललो, आणि ती झोपली. उत्कर्षाने तुमच्या घरी निरोप पाठवला तो नंतर. हे तुम्हाला राग येण्यासारखं आहे. तरी तुमच्यापासून आता आणखी काही ठेवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. राग आला तर या आणि तोंडावर बोला. मी बाहेरच्या खोलीत बसेन.

काल आल्यावर मी मैनाचा फोन चार्जिंगला लावला. तुमचा नंबर 'जयसिंग घर' म्हणून आहे. तो माझ्या फोनमध्ये घेतला. लावून बघणार आहे, आज नाही.

सव्वापाच झाले आहेत. इथे थांबतो. कालचे बूट गॅलरीत ठेवले होते, पाटातल्या चिखलाने घोट्यापर्यंत भरलेले. आता तो वाळला आहे. खाली पेपर पसरतो, जुना ब्रश घेतो आणि ते साफ करायला बसतो.

रंगराव